मागचे टायर: रस्त्याला आणि ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला) एकच जोडी चालेल का?

कळंबा_३३०
गाडी बीएमडब्ल्यू ३३०आय, ताकद मागच्या चाकांना. २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क. कंपनीचे रन-फ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे टायर) संपत आलेत. माझं मत असं की दिवाळी ते मे मागं ड्रॅग रेडियलच (ड्रॅगसाठीचे मऊ रबराचे टायर) ठेवावेत, रोजच्या वापरालाही. पावसाळ्यात दुसरे टायर. पाव मैलात, म्हणजे ४०२ मीटरमध्ये, टायरमुळं जो वेळ वाचतो तो बहुतेक पहिल्या ६० फुटांत वाचतो, आणि नेमकं तिथंच रन-फ्लॅट जागेवर फिरतो. त्याच्या बाजू इतक्या कडक की हवा कमी केली तरी टायर दबत नाही. ड्रॅग रेडियल १८-२० पीएसआयला ठेवला की लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, बाजूला सुरकुत्या पडतात आणि रबर जमीन धरतं. जादा रिम आणि चाकं बदलायची कटकट कशाला? पटत नसेल तर कारणासकट लिहा.

उद्यमनगर_गॅरेज
भावा, रन-फ्लॅटचं बोललास ते शंभर टक्के खरं. पण दिवाळी ते मे हा हिशेब कोल्हापुरात बसत नाही. त्यातच आपला गळीत हंगाम. कागल, शिरोळ, हुपरी, कुठंही जा, ट्रॉलीतनं पडलेला ऊस रस्त्यावर चिरडलेला असतो. शेतातनं डांबरावर चढणारा ट्रॅक्टर चाकाची माती तिथंच सोडतो, पहाटे दव पडलं की तिचा लगदा होतो. त्यात एप्रिल-मेमधला वळीव! ड्रॅग रेडियलला पाणी फेकायला खाचा नावालाच. पुढचे टायर धरणार, मागचे सोडणार, म्हणजे वळणावर गाडी गर्रकन फिरणार. चारही टायर सारखेच कमी धरत असते तर एक वेळ सावरता आली असती. पुढं चांगले आणि मागं घसरडे ही सगळ्यात वाईट जोडी.

दुसरं, रबर. बऱ्याच ड्रॅग रेडियलवर ट्रेडवेअरचा (रबर किती टिकेल त्याचा) आकडा ०० छापलेला असतो. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर तो ३०० आहे. ते मऊ रबर तू ऑफिसला जाता-येता झिजवणार. शिवाय तापून गार होण्याचं चक्र जितकं जास्त, तितकं ते कडक होतं. नवीन असताना नख दाबलं की वण उमटतो. रोज वापरलेल्यावर नखच वाकतं, खाचा शिल्लक असल्या तरी. मग स्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर, काय धरणार?

शाहूपुरी_स्पीड
मी कळंब्याच्या बाजूनं. दोन जोड्या सांगणं सोपं आहे. स्ट्रिप कुठं आहे आपल्याकडं? लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीची विमानाची धावपट्टी गाठायची तर तीनशे किलोमीटरच्या घरात प्रवास. चाकं न्यायची कशात? आणि वर्षातनं एखाद्या वेळी लागणारी जोडी माळ्यावर पडूनही कडक होतेच की.

गगनबावडा_रोड
मी दोघांच्याही विरोधात. ड्रॅग रेडियल हवेतच कशाला? त्याची खरी ताकद चिकट द्रव मारून तयार केलेल्या ट्रॅकवर दिसते. विमानाच्या धावपट्टीवर तशी तयारी नसेल आणि वर धूळ असेल, तर फरक बराच कमी होतो. मी तर सरळ साधे, रन-फ्लॅट नसलेले उन्हाळी परफॉर्मन्स टायर घे म्हणते, चारही एकाच मॉडेलचे. त्यांच्या बाजूला थोडा लवचिकपणा असतो, पावसात पाणी फेकतात, आमच्या बावड्याच्या पावसातसुद्धा. एक लक्षात ठेव, तुझ्या गाडीत स्टेपनी आहे का ते बघ. नसेल तर रन-फ्लॅट काढलेस की पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत पाहिजेच.

कळंबा_३३०
वळवाचा मुद्दा मान्य, रोजच्या वापराचा हट्ट सोडतो. पण ताई, साध्या टायरवर समाधान होणार नाही. महिनोन्‌महिने तयारी करून तिथं जायचं आणि पहिल्याच गिअरमध्ये धूर बघत बसायचं? मला तो ६० फुटांचा आकडा खाली आणायचाच आहे.

उद्यमनगर_गॅरेज
मग रस्त्याला ताई म्हणतात ते टायर, आणि जादा रिमवर ड्रॅग रेडियलची जोडी. शाहूपुरीकर, दोनच चाकं न्यायची आहेत, एक डिकीत आणि एक मागच्या सीटवर चादर टाकून. एका चाकाला पाच बोल्ट, टॉर्क पान्यानं १४० न्यूटन-मीटर. नुसत्या अंदाजानं आवळू नका. माळ्यावर कडक होतात हे खरं, पण उन्हापासून लांब, काळ्या पिशवीत बांधून ठेवले तर रोज तापण्यापेक्षा कितीतरी बरे टिकतात.

शाहूपुरी_स्पीड
तरी खर्च दुप्पटच. हौसेला मोल नाही हे ठीक, पण पोरांना आधी रिमचा भाव सांगा.

कळंबा_३३०
१८ ऐवजी १७ इंची रिम घेतली तर? टायरची बाजू उंच मिळेल.

उद्यमनगर_गॅरेज
कल्पना चांगली. पण टायरची एकूण उंची पुढच्या टायरशी जुळती ठेव, नाहीतर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलला चाकांचा वेग चुकीचा कळेल. मोठे ब्रेक असतील तर १७ ची रिम कॅलिपरला घासू शकते. पैसे देण्याआधी गाडी जॅकवर घे, टायर न चढवता रिकामी रिम बसव आणि हातानं एक पूर्ण फेरा फिरवून बघ.