कार्ड टाकलं म्हणजे बोलावलं का?

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

बी-५०३: नमस्कार मंडळी. आमच्या चिरंजीवांचं लग्न ठरल्याचं बहुतेकांना माहीत आहेच. तुळशीचं लग्न झालं की पुढच्याच आठवड्यात. कार्ड टाकते आहे, सर्वांनी यायचं हं.

[व्हिडिओ, ४८ सेकंद]

ए-३०४: हार्दिक अभिनंदन! सनई छान आहे.

सी-४०१: अभिनंदन वहिनी.

बी-२०२: अभिनंदन काकू, पैठणीचा काठ मस्त दिसतोय.

सी-१०१: काकू, अभिनंदन. एक विचारू का, राग मानू नका. हे आमंत्रण समजायचं का आनंदाची बातमी?

बी-५०३: अहो, आमंत्रणच की!

सी-१०१: मग आमच्याकडं सहा माणसं आहेत. तीन विंगा मिळून ५४ फ्लॅट. घरटी चार धरली तरी २१६ पानं होतात.

बी-५०३: अगं बाई. हा हिशोब केलाच नाही मी. कार्यालयात ३०० सांगितलेत, त्यात १४० मुलीकडचे.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, महत्त्वाचं आहे. हा व्हिडिओ आहे, बिनधास्त बघा. पण अनोळखी नंबरवरून पत्रिका म्हणून एपीके (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली तर उघडू नका. २०२४ च्या लग्नसराईत हिमाचल पोलिसांनी याचा इशारा दिला होता. फाईल उघडली की फोनच चोरांच्या ताब्यात. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन.

ए-३०४: बरं झालं सांगितलंत. आता मूळ मुद्दा. जुन्या पत्रिकेत हा घोळ नसायचा. पाकिटावर ‘श्री. व सौ.’ असलं की दोघं, ‘सहकुटुंब सहपरिवार’ असलं की घराला कुलूप लावून निघायचं. १९८७ साली माझ्या लग्नात आईने तीन याद्या केल्या होत्या. पहिली अक्षत घेऊन घरी जायची, दुसरी पोस्टाने, तिसरी नुसती तोंडी. पोस्टाच्या पाकिटाचा पडदा चिकटवायचा नाही, आत खोचायचा, म्हणजे बुक पोस्टाच्या कमी तिकिटात जायचं. चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं काम माझ्याकडे. दुपारभर बोटं पिवळी. स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिका, आणि आई ओरडतेय, एवढं दाबून लावू नको, अक्षरं पुसतील. पहिली पत्रिका अर्थात कसबा गणपतीला.

ए-१०२ आजोबा: माझ्या लग्नाची टाकतो. १९६६.

[फोटो]

बी-२०२: आजोबा!! ‘यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’???

ए-१०२ आजोबा: तेव्हा असेच छापत असत. कोणी हसत नसे.

बी-२०२: मी हे प्रिंट काढून घरात लावणार आहे.

सी-४०१: घोळ कधीपासून झाला ते सांगतो. आमच्या मुलीचं लग्न २०२१ च्या एप्रिलमधलं. कोरोनामुळे सरकारी आदेश होता, २५ माणसं आणि दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. आम्ही कार्ड ४०० जणांना पाठवलं आणि खाली लिहिलं, घरूनच आशीर्वाद द्यावेत. ‘येऊ नका’ सांगायला पत्रिका छापण्याची आमच्या घराण्यातली पहिलीच वेळ. तेव्हापासून कार्ड येणं वेगळं आणि बोलावणं वेगळं झालं. आता कार्ड आलं की बायको विचारते, हे कुठल्या प्रकारचं?

ए-३०४: खरंय. आणि उत्तर देण्याची आपल्याला सवयच नाही. ‘नक्की येतो’ म्हणणारा हमखास येत नाही आणि ‘बघतो, जमलं तर’ म्हणणारा मेहुण्याला घेऊन पहिल्या पंगतीत.

सी-१०१: आमच्या गावाकडं प्रश्न उलटा आहे. येणार किती हे कुणी विचारतच नाही, सगळं गाव येतं. भांडण होतं ते नावावरून. मेमध्ये चुलतभावाचं लग्न झालं, पत्रिकेत ९४ नावं. मी मोजली. वर आमदार-सरपंच, मग निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, आणि तळाला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सात पोरं, त्यातलं एक दीड महिन्याचं. एका चुलत्याचं नाव प्रेषकांत गेलं, त्यांना निमंत्रकांत हवं होतं. हळदीला आले नाहीत. मग त्यांच्या भावकीपुरत्या १५० पत्रिका परत छापल्या. कागद तोच, गणपती तोच, फक्त एक नाव चार ओळी वर. लग्नात सगळ्यात मोठ्यानं अक्षता त्यांनीच टाकल्या.

बी-२०२: 😂 काकू, मी डिझाईनचंच काम करते म्हणून सांगते. कार्ड सुंदर आहे, पण नवरीच्या नावामागे ‘चि. सौ. का.’ झालंय. अनुस्वार गेला. सौभाग्यकांक्षिणीचा आहे ना, ‘कां.’ हवं. तयार टेम्प्लेटमध्ये मराठीचे हे हाल नेहमीचे. ‘स्वागतोत्सुक’ तर मी चार प्रकारे लिहिलेलं पाहिलंय.

सी-३०३: टेम्प्लेटचा विषय निघाला म्हणून. बहिणीचं कार्ड करत होतो. आमच्याकडे गणपती नसतो, वर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब, आणि ‘शुभविवाह’ऐवजी ‘मंगल परिणय’. त्या ॲपमध्ये ‘मराठी पत्रिका’ म्हणून वीस डिझाईन होती, एकातूनही गणपती निघेना. शेवटी ‘इतर’ नावाचा कोरा कागद घेतला आणि सगळं स्वतः केलं.

बी-२०२: ‘इतर’! मला द्यायचं होतंस, एका संध्याकाळचं काम.

सी-३०३: झालं ते चांगलं झालं. आता आमच्या वस्तीत तेच फिरतंय.

बी-२०२: आणि वारलीचं बोलू का? दर तिसऱ्या कार्डाला वारलीचा काठ असतो. तारपा नाच, झाडं, बैलगाडी. पण वारली समाजात लग्नाचं म्हणून जे चित्र आहे तो लग्नचौक. घरातल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने काढतात, मधे पालघाट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे आपण लग्नाच्या कार्डावर सगळं घेतलं आणि लग्नाचं तेवढंच सोडलं. एका गिऱ्हाईकाला सांगितलं तर म्हणाले, मग चौकही टाका कोपऱ्यात. मी नाही टाकला. ती देवी आहे, नक्षी नाही.

सी-४०१: हे माहीतच नव्हतं.

बी-५०३: सगळं वाचतेय. अनुस्वाराचं आजच बदलून घेते. पण मी आता करू काय? मुलगा म्हणतो, ग्रुपवर पोल टाक, किती जण येणार त्याचा. आणि पत्रिकेवर क्यूआर कोडही टाकू म्हणत होता, आहेरासाठी.

सी-४०१: २०२१ मध्ये मदुराईत एका लग्नात छापला होता तसा. पण वहिनी, तुमच्या कार्डावर ‘कृपया आहेर आणू नये’ आहे. त्याच्याच खाली कोड?

बी-५०३: तेच मी त्याला म्हटलं.

ए-३०४: पोल नको बाई. पोलमध्ये लोक बोट लावतात आणि विसरतात. आणि ‘घरटी फक्त दोघे’ असं तर ग्रुपवर अजिबात लिहू नकोस, ते दहा वर्षं लक्षात ठेवतील. लग्नाला तुझी विंग, संध्याकाळच्या रिसेप्शनला बाकीचे. छोटी छापील कार्डं घे, पाकिटावर नावं घाल, आणि संध्याकाळी दारोदार जा. दारात उभं राहून बोललं की किती जण येणार ते तोंडावरच कळतं. विचारावं लागत नाही. मी येते बरोबर.

ए-१०२ आजोबा: मला एक छापीलच द्या. सकाळी देवापुढे ठेवतो. फोन ठेवला तर वाजतो.

बी-५०३: आजोबा, तुम्हाला पहिली. सोमवारी अप्पा बळवंत चौकात छापायला टाकून येते. ६० पुरतील ना?

बी-२०२: ५४ फ्लॅट, वर सहा. पुरतील. नावं मी लिहून देते, माझं अक्षर बरं आहे.

सी-१०१: एक राहिलं. वॉचमन मामा आणि झाडणाऱ्या ताई या ग्रुपवर नाहीत. त्यांनी हा व्हिडिओ बघितलेलाच नाही.

बी-५०३: हो की. त्यांना सहकुटुंब बोलवायचंय. ताईंचं नाव आहे माझ्याकडे. मामांच्या पाकिटावर काय लिहायचं? आठ वर्षं झाली, आडनाव कुणाला ठाऊक आहे का?

सेक्रेटरी: पगार एजन्सीमार्फत जातो. मला बघावं लागेल.

ए-१०२ आजोबा: गेटवरच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे. त्यांनीच लिहिले आहे, मोठ्या अक्षरात.

बी-२०२: दूध आणायला खाली चाललेच आहे. बघून येते.