डिझेल पिकअपची रेसची केबल ताणूनही पुन्हा ढिली पडते : मदत हवी आहे

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझी गाडी २००९ सालची डिझेल पिकअप आहे. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप पूर्णपणे यांत्रिक आहे, म्हणजे रेसच्या (अ‍ॅक्सिलरेटरच्या) पेडलपासून पंपाच्या लिव्हरपर्यंत साधी तारेची केबल जाते. रोज पहाटे वाशीच्या बाजार समितीतून भाजी भरून मी ठाणे-बेलापूर रस्त्याने, कळव्यामार्गे जांभळी नाक्याला येतो आणि उरलेला माल घोडबंदर रस्त्याने काशीमिऱ्याला नेतो. सपाटीवर फारसे काही जाणवत नाही, पण गायमुखचा जो चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढत असे, तिथे आता दुसरा टाकावा लागतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात.

लक्षण असे आहे की पेडल पहिले दीड-दोन बोटे नुसतेच खाली जाते. इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडत नाही. त्यानंतर रेस एकदम येते, त्यामुळे बाजाराच्या फाटकातल्या गर्दीत गाडी हळूहळू पुढे घेताना धक्के बसतात. दोनदा तर वरचे टोमॅटोचे क्रेट सरकले.

आधी मी डिझेल फिल्टरवर संशय घेतला. तो बदलला, एअर फिल्टरही बदलला, पण खर्चाखेरीज काही झाले नाही. मग इंजिन बंद ठेवून भाच्याला पेडल तळापर्यंत दाबायला सांगितले आणि बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पंपाकडे पाहत राहिलो. लिव्हर पुढच्या स्टॉप बोल्टला, म्हणजे पूर्ण रेसला तो जिथे अडतो त्या बोल्टला, टेकतच नाही. मध्ये अर्ध्या बोटाची फट राहते.

ओळखीच्या मिस्त्रींनी पंपाजवळच्या ब्रॅकेटवरचे दोन्ही चेकनट (केबल जागी आवळून धरणारे नट) सैल करून, आऊटर (तारेवरचे बाहेरचे आवरण) मागे घेऊन केबल ताणून दिली. गाडी पंधरा दिवस झकास चालली आणि मग पुन्हा तेच रडगाणे सुरू झाले. असे तीनदा झाले असून आता आटे संपत आले आहेत. पुढचा स्टॉप बोल्ट थोडा फिरवला की काम होईल असे मिस्त्री म्हणतात, परंतु त्यावर तार आणि शिशाचे सील आहे आणि ते तोडायला माझे मन धजत नाही.

केबल खरोखर इतक्या झपाट्याने लांबते का, की ही ढिलाई दुसऱ्याच कुठल्या सांध्यातून येत आहे? मोकळीक किती ठेवावी, हेही कृपया सांगावे, कारण एकदा मीच केबल अगदी ताठ केली होती, तेव्हा पाय काढल्यावरही इंजिन खाली येईना. पुढच्या महिन्यात पासिंग आहे आणि त्याआधी पीयूसी काढायची आहे.

प्रतिसाद :

सील तोडले नाहीत, हे उत्तम केले. तो बोल्ट लिव्हरची शेवटची मर्यादा ठरवतो. तुमचा लिव्हर तिथवर पोचतच नाही, तर मर्यादा पुढे ढकलून काय मिळणार? उलट पुढे केबल नीट झाली की इंजिन ठरवलेल्या फेऱ्यांच्या पलीकडे जाईल.

धडधाकट तार पंधरवड्यागणिक लांबत नाही. दर वेळी आटे खर्ची पडत असतील, तर कुठेतरी काहीतरी तुटत आहे किंवा खचत आहे असे समजावे. पुन्हा एकाला पेडल दाबायला बसवा, पण या वेळी लिव्हरकडे न पाहता आऊटरकडे पाहा. केबिनच्या पत्र्यातून केबल जिथे बाहेर येते, तिथली टोपी किंवा पंपाजवळचे ब्रॅकेट पेडलबरोबर हलत असेल, तर तेवढी ओढ वाया जाते. इंजिन ज्यावर टेकते ते फाउंडेशन रबर दबून गेले असेल, तरीही असेच घडते. त्यानंतर डॅशखाली वाकून पेडलचे टोक तपासा. तिथल्या सांध्यातला प्लॅस्टिकचा बुश (आतली कडी) झिजतो. आणि माझा खरा संशय तारेवर आहे. ती जिथे वाकते, तिथे तिचा एकेक धागा तुटतो आणि उरलेल्यांवर भार येऊन ते ताणले जातात. अशी केबल ताणत बसू नये, ती फेकून द्यावी. नाहीतर ती भरल्या गाडीनिशी चढावर तुटेल, किंवा तुटलेली टोके आऊटरमध्ये अडकून रेस वरच राहील. तसे कधी झालेच, तर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा, ब्रेकने कडेला घ्या आणि थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी काढलीत, तर स्टिअरिंग लॉक होईल.

जुळवणी करताना पेडल सोडलेले असताना लिव्हर स्लोच्या बोल्टला (रेस नसताना तो जिथे थांबतो त्या बोल्टला) टेकलेला असलाच पाहिजे. तारेतला झोळ निघेपर्यंत चेकनट फिरवा, पण दोन-तीन मिलिमीटर मोकळीक राखा, कारण इंजिन रबरावर डुलते आणि ताठ केबल त्या डुलण्याबरोबर आपोआप रेस देते. मग इंजिन बंद ठेवून पेडल तळाला न्या. लिव्हर पुढच्या बोल्टला टेकेल, तेव्हाच पेडलखालचा स्टॉपही लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर पायाचा सगळा जोर तारेवर येतो. पायाखालची मॅट जाड असेल, तर हे सगळे करण्याआधी ती काढा.

पीयूसीआधी हे काम उरका. डिझेल गाडीचा धूर मोजताना उभ्या गाडीत पेडल झटकन तळापर्यंत दाबतात, आणि इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत गेलेच नाही, तर ती चाचणी नीट होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता :

आपला संशय खरा ठरला. पेडलच्या टोकाशी तारेचे सात-आठ धागे तुटून कुंचल्यासारखे पिंजारले होते. चाचपताना एक बोटात घुसलाही. नवी केबल जुनीच्या शेजारी धरून पाहिली, तेव्हा जुनी सेंटीमीटरभराहून जास्त लांब भरली. चेकनट आता आट्यांच्या मधोमध आहेत आणि आज पहाटे गायमुखचा चढ गाडीने तिसऱ्यात काढला.

पत्र्याच्या भोकातले रबर मात्र कधीच गळून गेलेले दिसते. ते न लावता चालेल का? आणि केबलच्या आत पांढरी नळी आहे, तर तिच्यात तेल सोडावे का?

प्रतिसाद :

आत नायलॉनची नळी असेल, तर तेल सोडू नका. त्याला धूळ चिकटून केबल जड होते. रबर आजच लावा. त्याच्यावाचून आऊटर पत्र्याच्या धारेवर घासते, भोकात तिरपे बसते आणि तार पुन्हा त्याच ठिकाणी वाकते.