बॅकग्राउंड चेकसाठी सिबिल रिपोर्ट मागितलाय, त्यात मी न घेतलेलं लोन दिसतंय

सिन्नरकर_पुण्यात:
पुण्यात एका फायनान्स कंपनीच्या बॅकऑफिसची ऑफर आलीये, जॉइनिंग पुढच्या महिन्यात. बॅकग्राउंड चेक करणारी एजन्सी वेगळी आहे, त्यांनी मेल केलाय की डिग्री, पीएफची सर्व्हिस हिस्ट्री, पोलीस व्हेरिफिकेशन आणि सोबत सिबिल रिपोर्ट पाठवा. रिपोर्ट काढला तर त्यात कुठल्यातरी लोन अ‍ॅपवाल्या एनबीएफसीचं (म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी कंपनी) छोटं पर्सनल लोन दिसतंय, ओव्हरड्यू, आणि मी ते घेतलेलंच नाही! स्कोअर ६४० वर आलाय. आता हा रिपोर्ट द्यायचा की नाही? आणि मुळात नोकरीसाठी माझी कर्जं बघायचा यांना अधिकार काय?

वसुलीवाला_निवृत्त:
आधी घाबरू नका. त्या खात्यासमोर ओनरशिप असा रकाना असतो, तिथे इंडिव्हिज्युअल, जॉइंट की गॅरंटर काय लिहिलंय ते बघा. बँकेत असताना निम्मे लोक "माझं लोनच नाही" म्हणत यायचे आणि निघायचं काय तर दुसऱ्या बँकेत मेव्हण्याला जामीन राहिलेले. इंडिव्हिज्युअल असेल आणि खरंच तुम्ही घेतलं नसेल तर सिबिलच्या साइटवर लॉगिन करून डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाका, फुकट आहे, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर जवळ ठेवा. सिबिल स्वतः काही खोडत नाही, ते एनबीएफसीला विचारतात आणि तिने मान्य केलं तरच एंट्री जाते, म्हणून त्याच दिवशी एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही मेल टाका. त्यात एकच प्रश्न विचारा, लोनचे पैसे कुठल्या बँक खात्यात जमा केले? डिजिटल लोनचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात गेले पाहिजेत असा २०२२ पासून आरबीआयचा नियम आहे. खातं तुमचं नसेल तर त्यांची पंचाईत. आणि हो, सिबिल दुरुस्त झालं म्हणजे संपलं असं नाही, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क असे सिबिलसारखेच कर्जांची नोंद ठेवणारे अजून तीन ब्युरो आहेत, तिथेही बघा. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

सिन्नरकर_पुण्यात:
काका बघितलं, ते अ‍ॅपवालं इंडिव्हिज्युअलच आहे. पण तुम्ही म्हणालात म्हणून खाली स्क्रोल केलं तर चुलत दादाचं ट्रॅक्टर लोन पण दिसतंय, गॅरंटर म्हणून 😅 ते हप्ते वेळेवर दिसतायत नशीब.

कागदपत्र_नको:
मला तर हा मागण्याचा प्रकारच आवडत नाही. ब्युरोतला डेटा कुणी बघायचा हे २००५ च्या कायद्याने ठरवून दिलंय, बँका, एनबीएफसी वगैरे. साधी नोकरी देणारी कंपनी ब्युरोकडून परस्पर तुझा रिपोर्ट ओढू शकत नाही, म्हणून तर तुलाच आणायला सांगतात आणि आपण मुकाट्याने पीडीएफ पाठवतो, ज्यात पॅन, जन्मतारीख, जुने पत्ते, फोन नंबर, सगळी खाती, तीन वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशोब, सगळं असतं. घर भाड्याने देताना मालक चावी देतो, कपाट उघडून दाखवत नाही ना! एचआरला लेखी विचार की पूर्ण रिपोर्ट कशाला हवाय, स्कोअरचं पान चालेल का आणि किती दिवस ठेवणार. पॅनची झेरॉक्स देताना पण त्यावर "फक्त अमुक कामासाठी" असं लिहून सही कर, ही अ‍ॅपवाली लोनं अशाच कुठेतरी पडलेल्या कॉप्यांवर निघतात.

लोणावळा_लोकल:
@कागदपत्र_नको तत्त्व बरोबर आहे पण पोराला नोकरी हवीये, एचआरशी वाद घालून ऑफर गेली तर? शिवाय फायनान्स कंपनी आहे, पैशाचं काम आहे, तिथे विचारणारच. सरकारी बँकांत तर हे उघडच आहे. स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक खराब क्रेडिट हिस्ट्रीमुळे रद्द केली होती आणि मद्रास हायकोर्टाने २०२५ मध्ये बँकेचीच बाजू धरली. माझी बहीण आयबीपीएसची (सरकारी बँकांची भरती परीक्षा) तयारी करतेय, तिला मी आत्ताच रिपोर्ट काढायला लावलाय. तिथे अर्ज करायला अमुकच स्कोअर हवा असं नाही, पण जॉइनिंगच्या आधी रेकॉर्ड दुरुस्त करून घे नाहीतर कर्ज देणाऱ्याची एनओसी आण, असं आहे.

वसुलीवाला_निवृत्त:
दोघांचंही बरोबर. डिस्प्यूट टाकला की त्या एंट्रीसमोर "अंडर डिस्प्यूट" असं दिसायला लागतं, तसा रिपोर्ट पुन्हा काढा आणि तक्रारीच्या मेलची प्रत जोडून एचआरला द्या. लपवलं असं कुणी म्हणणार नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तिथेही दाद लागली नाही तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे, हे ब्युरो २०२२ पासून त्यांच्या कक्षेत आहेत. तोतयेगिरीची सायबर पोलिसांत तक्रार पण करून ठेवा, एनबीएफसीवाले टाळाटाळ करायला लागले की तो कागद कामाला येतो.
आणि ते अ‍ॅपवाले "अर्धे भरा, सेटल करून टाकतो" म्हणतील, अजिबात भरू नका. भरलंत की लोन तुमचंच होतं असं होतं, वर रिपोर्टमध्ये "सेटल्ड", म्हणजे पूर्ण फेडलं नाही, असा शिक्का बसतो तो वेगळाच.

सिन्नरकर_पुण्यात:
डिस्प्यूट टाकला, एनबीएफसीला मेल पण गेला. एचआर म्हणाली अंडर डिस्प्यूट चालेल, फक्त जॉइनिंगच्या आधी अपडेट द्या. पूर्ण रिपोर्ट कशाला लागतो विचारलं तर म्हणे एजन्सीचा फॉरमॅटच तसा आहे.

कागदपत्र_नको:
वाटलंच होतं. मग किती दिवस ठेवणार ते तरी लेखी घे.