रशियात शिकणाऱ्या भाचीला टॉर जोडता येत नाही. ब्रिज वापरणे सुरक्षित आहे का?

खानापूरकर:
माझी भाची रशियात वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिकडे डिसेंबर 2021 पासून टॉर (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारे नेटवर्क आणि त्याचा ब्राउझर) अडवला जात असल्याने तिचा ब्राउझर जोडणीच्या पट्टीवरच थांबतो. येथे खानापुरात माझ्या फोनवर तोच विनातक्रार चालतो. तिला मैत्रिणीने ब्रिज (टॉरमध्ये शिरण्याची जाहीर न केलेली वाट) लावायला सांगितले आहे. तो कोठून घ्यावा आणि त्यामुळे ती अडचणीत तर येणार नाही ना, हे जाणकारांनी सांगावे.

टिळकवाडी:
टॉरच्या नेहमीच्या रिलेंची (वाहतूक पुढे पाठवणाऱ्या संगणकांची) यादी जगजाहीर असल्याने ते पत्ते अडवणे सोपे जाते. ब्रिज त्या यादीत नसतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्येच ते निवडता येतात. त्यांपैकी स्नोफ्लेक हा प्रकार स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून वाट काढतो, तर वेबटनेल या प्रकाराची वाहतूक साध्या एचटीटीपीएस संकेतस्थळासारखी दिसते. एक अडला की दुसरा लावून पाहावा. ब्रिजची खासगी ओळ (त्याचा पत्ता असलेला मजकूर) मिळाली, तर ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नये, कारण अडवणारेही अशा ओळींच्या शोधात असतात. आणि ग्रुपवर आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड अॅप बसवण्याची फाइल) तर मुळीच घेऊ नये.

निपाणीचा वाचक:
वरील माहिती योग्य आहे, परंतु खरा धोका वेगळा आहे. आपण काय वाचतो हे टॉर लपवतो. टॉर वापरतो ही गोष्ट स्थानिक नेटवर्कपासून आपोआप लपत नाही. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फोडावा लागलाच नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोणी वापरला, याच्या नोंदींवरून तपास त्याच्यापर्यंत पोहोचला. भाचीचा हेतू निर्मळ असला तरी वसतिगृहाचे वायफाय तसेच काम करते. ब्रिजमुळे ओळख पटवणे कठीण होते, अशक्य नव्हे. त्यामुळे तेथील सध्याचा कायदा आणि विद्यापीठाचे नियम तिने आधी पाहावेत.

खानापूरकर:
आभारी आहे. टॉरमधून ती स्वतःच्या जीमेलमध्ये गेली तर चालेल का?

निपाणीचा वाचक:
बंद संकेतस्थळ उघडण्यापुरता प्रश्न असेल तर चालेल, पण त्या खात्यापुरती ती निनावी राहत नाही. निनावी वाचनाच्या वेळी खाते उघडू नये. उतरवलेल्या वर्ड किंवा पीडीएफ फाइली जोडणी चालू असताना बाहेरच्या अॅपमध्ये उघडू नयेत, कारण त्या टॉरला वगळून थेट इंटरनेटवर जाऊ शकतात आणि खरा आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) उघडा पडतो. टॉरेंटचेही तेच.

टिळकवाडी:
एक पुरवणी: आपल्याकडे कधीकधी होते तसे मोबाइल इंटरनेटच बंद केले, तर ब्रिजचाही उपयोग नसतो. टॉरचे संकेतस्थळ तिच्याकडे उघडत नसेल, तर gettor@torproject.org या पत्त्यावर मेल पाठवून ब्राउझर उतरवण्याचे दुवे मागवता येतात.