शंका सुटत नाहीत, येशूही सुटत नाही. सुरुवात कुठून करू? (नाशिक)

शंकेखोर
चमत्कार पटत नाहीत, देव आहे याचीही खात्री नाही. पण डोंगरावरचं प्रवचन वाचल्यापासून येशू डोक्यातून जात नाही. पुढं वाचायला घेतलं तर मत्तयच्या शुभवर्तमानातली (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) येशूची वंशावळ लूकच्या शुभवर्तमानाशी जुळेना, तिथंच अडलोय. काय क्रमाने वाचावं? चर्चमध्ये नुसतं जाऊन बसलं तर चालतं का, की लगेच बाप्तिस्म्याचा आग्रह होतो? राहायला नाशिकरोडला.

गोदाकाठ
मत्तय बाजूला ठेवा, मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, दोनेक तासांत एका बैठकीत होतात. त्यात वंशावळ नाही, जन्मकथाही नाही. वाचताना १६:९ (अध्याय १६, वचन ९) पासूनच्या शेवटाकडे नीट बघा. बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत तो शेवट नाही. चांगल्या प्रतीत तशी टीप असते. ती टीप बघून बिचकणाऱ्या माणसाकडून मात्र शिकू नका.

नंतर १ करिंथ १५, म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय. पत्र साधारण इ.स. ५३-५५ चं, म्हणजे क्रूसावरच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्यात वचन ३ पासून पौल स्वतःला मिळालेलं पुढे देतोय, म्हणजे तो मजकूर पत्राहूनही जुना. पुनरुत्थानाचा (येशू मेल्यावर पुन्हा उठला का, हा) वाद इथून सुरू करावा. कबरीपाशी कोण कोण गेलं यावरून सुरू केलात तर चारही शुभवर्तमानांच्या तपशिलात गुंताल आणि मूळ प्रश्न राहून जाईल.

वंशावळीवर 'एक योसेफाची, एक मरीयेची' हे ठरलेलं उत्तर मिळेल. लूक ३:२३ मध्ये नाव योसेफाचंच आहे, त्यामुळे ते ओढूनताणून वाटतं. मत्तयने अब्राहामापासून येशूपर्यंत १४-१४-१४ पिढ्यांचे तीन गट बसवण्यासाठी योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेत. त्याला दाविदाचा वारस दाखवायचाय, तलाठ्याचा उतारा द्यायचा नाही.

तर्कट
दुसरी बाजूही तपासा. रोमन इतिहासकार टॅसिटस (इ.स. ११६ च्या सुमारास) रोमन सुभेदार पिलाताच्या काळातल्या येशूच्या देहदंडाचा उल्लेख करतो, पुनरुत्थानाचा नाही. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस याच्या येशूवरच्या प्रसिद्ध उताऱ्यात नंतर ख्रिस्ती हात फिरलाय, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा 'येशू झालाच नाही' हे कच्चं, आणि 'इतिहासाने सगळं सिद्ध झालंय' हेही कच्चं. आणखी एक: 'नोकरी लागली तर मानीन' असली परीक्षा लावू नका. लागली तर योगायोग, नाही लागली तर देवाची इच्छा. त्यातून काहीच ठरत नाही.

शरणपूररोड
बसायला कुणी अडवत नाही. कॅथलिक मिस्साला (उपासनेला) मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा. गुडघे टेकायची सक्ती नाही. ख्रिस्तप्रसादाच्या (येशूचं शरीर मानून देतात त्या भाकरीच्या) रांगेत मात्र जाऊ नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजनाचा (त्यांच्याकडच्या अशाच विधीचा) नियम आधी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, विचारा. दानाची थैली आली तर पुढे सरकवा. नाशिकरोडच्या बाळ येशू देवळात फेब्रुवारीच्या यात्रेत बोलायला निवांत कुणी सापडणार नाही, एरवी जा.

बाप्तिस्म्याची घाई कॅथलिकांकडे सहसा नसते. प्रौढांना आधी धर्मशिक्षण, ते महिनोन्‌महिने चालतं. मग साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वास पक्का करण्याचा संस्कार) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद एकत्र. चौकशी करायला आलात म्हणून बांधले जात नाही. दोन भेटींत पाण्यात उतरवून बाप्तिस्मा देणारे गटही आहेत, तिथं 'आधी शिकवा' म्हणून ठाम राहा.

विश्वास नसताना प्रार्थना कशी करायची, हा पुढचा प्रश्न येईलच. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप बघा. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवायला मदत मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. तेवढी प्रार्थना पुरते.

कागदवाला
बाप्तिस्म्याआधी घरी बोला आणि वकिलालाही भेटा. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला ती धर्माची अट नाही. पेठ-सुरगाण्याकडे या दोन गोष्टींची फार गल्लत होते. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे (कलम १३). हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ चा फटका (हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेचा वारसा न मिळण्याचा) धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना बसतो, स्वतः धर्मांतर करणाऱ्याला नाही.

घरच्यांनी बरोबरीने यावं असा हट्टही नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी, इथल्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचा १९०० चा.

शंकेखोर
आज मार्क. चर्चमध्ये चपला बाहेर काढायच्या का?

शरणपूररोड
दारात चपला दिसल्या तर काढा. शहरात बहुतेक ठिकाणी घालूनच बसतात, खेड्याकडे काढतात.