रात्री दार वाजलं तेव्हा: पोलीस, चौकी आणि आपण (अनुभव लिहा)

माळ्यावरची
इमारत पाडणार आहेत, म्हणून माळा रिकामा करतेय. काल आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत पैठणीच्या घडीखाली बाबांची अंतर्देशीय पत्रं सापडली. १९७६ ची. प्रत्येकावर जेलचा शिक्का आणि मधल्या दोन-तीन ओळी काळ्या शाईने फासलेल्या.

बाबा शाळामास्तर. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबण्याच्या कायद्याखाली, नेलं तेव्हा मी सात वर्षांची होते. रात्री दोनला दार वाजलं. आईने विचारलं, "कशासाठी नेताय?" फौजदार म्हणाले, "वहिनी, ते आम्हालाही सांगितलेलं नाही." मला कितीतरी वर्षं वाटायचं की ते खोटं बोलले. नंतर कळलं, १९७५ मध्ये त्या कायद्यात कलमच घातलं होतं की कारण सांगायचं नाही. आणि एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की अशा माणसाला कोर्टात दादही मागता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. आई त्यांचं नाव देवाचं घ्यावं तसं घ्यायची.

बाबा मार्च १९७७ मध्ये सुटले. दाढी वाढलेली. मी ओळखलं नाही, आत पळाले. ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

तुमच्याकडे असं काही? आणीबाणीचंच हवं असं नाही. नाकाबंदी, चौकशी, काहीही. चांगला अनुभव असेल तर तोही लिहा. ठाण्याचं नाव नको.

एसटीप्रवासी
मे २०२०, लॉकडाऊन. अण्णांचं डायलिसिस शेजारच्या जिल्ह्यात. ई-पासचा अर्ज दोनदा नामंजूर. हॉस्पिटलचा कागद काचेवर चिकटवून निघालो. नाक्यावर कागद वाचायच्या आधीच काठी. पोटरीवर वळ. अण्णा मागच्या सीटवर बसून हात जोडत होते, ते डोळ्यांपुढून जात नाही. मारणारा पोरगा माझ्या धाकट्या भावाएवढा, तोही सकाळपासून उन्हात उभा. छातीवर नावाची पट्टी नाही. तक्रार करायची तर कोणाची?

अंगणवेल
माळ्यावरची, पत्रं लॅमिनेट करू नकोस हं! आमच्या काकांनी आजीची केली, पाच वर्षांत पिवळी पडून चिकटली. आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर आधी काढ. बाकी कुकर उतरवून लिहिते.

खडूफळा
एसटीप्रवासी, वाईट वाटलं वाचून. पट्टीचं सांगतो. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटक आणि चौकशी करणाऱ्याचं नाव-हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, अटकेचा कागद तिथेच साक्षीदारासमोर करायचा, नातेवाइकाला कळवायचं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. नाकाबंदी त्यात थेट बसत नाही. पण अण्णांवर ती वेळ यायला नको होती.

रातराणी
२०१२ नोव्हेंबर. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकसाठी अटक झाली. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल एकीने लिहिलेलं, दुसरीने फक्त लाईक केलेलं. मी तेव्हा त्याच पट्ट्यात कॉलेजला. आईने दुपारीच माझा फोन काढून घेतला, मी काहीच लिहिलं नव्हतं तरी. २०१५ ला आयटी कायद्यातलं ६६अ कलम, ज्याखाली ऑनलाइन लिहिल्याबद्दल अटक व्हायची, कोर्टाने रद्दच केलं, त्या दिवशी आम्ही मैत्रिणींनी वडापाव खाल्ला. पण सवय गेली नाही. आजही चार ओळी लिहिते आणि तीन पुसते. हे पण पुसणार होते.

माळ्यावरची
रातराणी, पुसलं नाहीस ते बरं केलंस.

दूरदेशी
इथे अमेरिकेत मुलाला लायसन्स मिळालं. पहिला धडा गाडीचा नव्हे, पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, हा. शिकवताना माझाच आवाज कापला. ऑफिसला पळते.

सेटलमेंटचा नातू
सोलापूर. माझी आजी सेटलमेंटमध्ये, म्हणजे सरकारने आम्हाला डांबलेल्या वस्तीत, तारेच्या कुंपणाच्या आत जन्मली. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने (पहिला १८७१ चा) जमातच गुन्हेगार ठरवलेली, म्हणजे बाळ जन्मलं की आरोपी. रोज हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो. मग सराईत गुन्हेगारांचा कायदा आला.

ताई, तुमचं दार एका रात्री वाजलं. आमच्या वस्तीवर आसपास कुठेही चोरी झाली की वाजायचं. ट्रंक आमच्याकडे नव्हती. आजोबांची एक कापडी पिशवी होती. तिच्यात एसटीची तिकिटं, लग्नाच्या पत्रिका, मुकादमाने दिलेल्या हजेरीच्या चिठ्ठ्या. त्या रात्री मी इथे नव्हतो, हे दाखवायला. लोक फोटो जपतात, आजोबा तिकिटं जपायचे. दोनदा उपयोग झाला. एकदा साहेबांनी तिकीट बघितलं आणि फाडून टाकलं. आजोबा चार दिवसांनी घरी आले, कुठेच नोंद नाही. कायद्याने २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं होतं. पण नोंदच नसेल तर तास कुठून मोजणार?

माळ्यावरची
दोनदा वाचलं. बाबांचं निदान जेलच्या रजिस्टरात नाव होतं, पत्रं येत होती. तुझ्या आजोबांचे ते चार दिवस कुठेच नाहीत.

खाकीची लेक
माझे वडील हवालदार होते, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. गणपतीच्या बंदोबस्तात छत्तीस छत्तीस तास घरी नसायचे, पाय सुजून बुटात मावायचे नाहीत. ते ठाणे अंमलदार असताना वरून तोंडी हुकूम आला, "याला बसवून ठेवा, डायरीत घेऊ नका." त्यांनी स्टेशन डायरीत वेळेसकट घेतलं. त्या माणसाला कोणी हात लावला नाही. तीन आठवड्यांत वडिलांची बदली, माझी दहावी दुसऱ्या गावात. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. आज हे सगळं वाचून तिला फोन केला, आत्ताच ठेवला.

एसटीप्रवासी
तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

खाकीची लेक
ते नाहीत आता. पण आईला सांगते.

तिसरा मजला
पार्किंगचं भांडण. चौकीतून सासऱ्यांना फोन, "साक्षीला लगेच या." वय ७१. मी म्हटलं, साठीच्या पुढच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नाही, नव्या कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं, १७९ कलम बघा, हवं तर घरी या, चहा ठेवते. दुसऱ्या दिवशी एक महिला अंमलदार खरंच आल्या. जबाब घेतला, वाचून दाखवला. चहा दोनदा घेतला! भाचीच्या लग्नाचं पण बोलणं झालं. कोणाकडे लातूरकडचं चांगलं स्थळ असेल तर कळवा.

अंगणवेल
स्थळ आहे! मेसेज करते.

सातपुडा
मला चौकीत मारलं. तपशील लिहवत नाही. डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर कमीत कमी एक वर्ष ठेवायचं. मारल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्या चित्रणासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर: त्या दिवशी यंत्रणा बंद. अपील केलंय. तारीख पुढच्या महिन्यात.

खडूफळा
सातपुडा, डॉक्टरचा कागद केला होता का? असेल तर मला मेसेज करा. अपिलाला सोबत येतो, खरंच येतो.

माळ्यावरची
सातपुडा, तारखेला काय झालं ते कळवा. वाट बघते.
पत्रं आज खिडकीच्या उजेडात धरली. एका काळ्या ओळीत "भातात" एवढंच वाचता येतं.

सेटलमेंटचा नातू
अंगणवेल ताई, तिकिटं कशी जपायची? पिशवी अजून आहे. भोकं दिसतात, आकडे उडालेत.

अंगणवेल
पिशवीतून काढ आधी. पिन, स्टेपल असतील तर हळू सोडव. प्रत्येक तिकीट वेगळ्या पांढऱ्या कागदात, उन्हापासून लांब. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेव. घरात कोणाला तारखा, गावं आठवत असतील तर कागदावर पेन्सिलीने लिही. पेनने नको, शाई उतरते.