मदत हवी आहे: लिनक्सवर ब्लूटूथ रिमोट जोडला, पण ओके बटण चालत नाही

डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यात एक्स११ (स्क्रीन, कीबोर्ड सांभाळणारी यंत्रणा) वर कोडी हा मीडिया प्लेअर. टीव्ही बॉक्सबरोबर येतो तसला ब्लूटूथ रिमोट. ब्लूटूथसीटीएल या टर्मिनलमधल्या साधनातून पेअर आणि कनेक्ट केला. बाण चालतात, आवाज कमी-जास्त होतो, मधलं ओके मात्र ढिम्म. शिवाय काही मिनिटं हात लावला नाही की तुटतो, मग पुन्हा हाताने कनेक्ट. दोन्हींचं मूळ एकच का?

प्रतिसाद १
नाही, दुखणी दोन आहेत.

तुटण्याचं आधी. सेल वाचवायला रिमोट झोपतो, त्यात गैर काही नाही. बटण दाबलं की जागा होऊन हाक मारतो, पण ट्रस्ट केलेला नसेल तर मशीन ओ देत नाही. ब्लूटूथसीटीएलमध्ये ‘ट्रस्ट’ आणि पुढे रिमोटचा पत्ता द्या. पेअर केलं म्हणजे ट्रस्ट झालं असं नाही, बहुतेक जण इथेच फसतात.

ओकेसाठी सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) ईव्हीटेस्ट चालवा, कुठलं बटण कुठला कोड पाठवतं ते तो दाखवतो. यादीत एकच रिमोट दोन-तीनदा दिसेल, एकेक करून बघा. बहुधा की_सिलेक्ट, कोड ३५३ येईल. एक्स११ कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडमध्ये ८ मिळवतं आणि २५५ च्या वरचं घेतच नाही. म्हणजे २४७ च्या पुढचं बटण कर्नलला दिसतं, कोडीला नाही.

धागाकर्ता
३५३ च! त्याच्या वरच्या ओळीत एमएससी_स्कॅन, व्हॅल्यू सी००४१.

प्रतिसाद १
तोच हवा होता, तो बटणाचा मूळ स्कॅन कोड. आता त्याला एंटरचं काम देऊ, एंटरचा कोड एक्स११ च्या मर्यादेत बसतो. /ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी मध्ये ‘९०-रिमोट.एचडब्ल्यूडीबी’ फाइल करा (टाइप अर्थात रोमनमध्ये). दोनच ओळी:

ईव्हीडेव्ह:इनपुट:बी०००५व्ही<व्हेंडर>पी<प्रॉडक्ट>*
 कीबोर्ड_की_सी००४१=एंटर

०००५ म्हणजे ब्लूटूथ. व्हेंडर, प्रॉडक्ट म्हणजे रिमोटचे ओळख-क्रमांक, ईव्हीटेस्ट सुरुवातीलाच दाखवतो. ते चार-चार अंकी लिहा, त्यातली अक्षरं कॅपिटल. मग ‘सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’, आणि रिमोट डिस्कनेक्ट करून परत जोडा.

प्रतिसाद २
रिमोटवर पॉवर बटण असेल तर सांभाळा, सोफ्यावर कुणी चुकून दाबलं की अख्खं मशीन बंद. लॉगिनडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये हँडलपॉवरकी=इग्नोर करून ठेवा. आणि कनेक्टेड दिसूनही एकही बटण चालत नसेल, तर यूएचआयडी हे कर्नलचं मॉड्यूल (जोडभाग) लोड आहे का बघा. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथ रिमोटची बटणं त्यातूनच कर्नलकडे जातात.

धागाकर्ता
ट्रस्टने तुटणं थांबलं. ओके अजून तसंच, अपडेटला चूक काहीच दाखवत नाही.

प्रतिसाद १
दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस आहे का? ती लागतेच.

धागाकर्ता
नव्हती. आता चाललं.